पालथ्या बाई आणि ताईचा उजवा गुडघा

कॉलेजात त्यांना सगळे पालथ्या बाई म्हणायचे. तोंडावर नाही हो, तेवढी कुणाची छाती नव्हती. पण जिन्यात, कँटीनमध्ये, परीक्षेच्या आदल्या दिवशी गर्भगळीत झालेल्या पोरांत हेच नाव चालायचं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. शरीररचना शिकवणाऱ्या बाकीच्या प्राध्यापकांच्या टेबलावर दान केलेला देह उताणा असायचा. बाईंच्या टेबलावर मात्र पालथा. माणसाच्या पुढच्या बाजूत त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांची सगळी हयात गेली होती गुडघ्याच्या मागच्या लवणीत.

"एवढीशी जागा! आणि तिथं तुझी केसं पिकली?" त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, नेहमी म्हणायची. "बाकीचा माणूस काय परका आहे का तुला?"

"त्या एवढ्याशा जागेतून अख्ख्या पायाला रक्त जातं," बाई फणकारायच्या. "ती धमनी कापली गेली ना, की पाय गेलाच म्हणून समज. मग बाकीचा माणूस घेऊन बस कुरवाळत."

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. गुडघा बदलायचा म्हणजे डॉक्टर पुढून कापतात, हाडाचा झिजलेला माथा करवतीनं सपाट करतात आणि त्यावर नवा सांधा बसवतात. करवत पुढून मागे जाते, आणि मागे, हाडापलीकडे, ही धमनी. बहुतेकांच्या पायात हाड आणि धमनी यांच्यामध्ये एका स्नायूची गादी असते, त्यामुळे करवत जराशी पुढे गेली तरी निभावतं. पण शंभरात एखाद-दुसरा असा निघतो की त्याच्या धमनीची एक फांदी वरच्या वरच फुटते आणि गादीच्या पुढून, हाडाला घसटून खाली उतरते. बाहेरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. अशांच्या बाबतीत करवतीचा हात जरा सैल पडला, की संपलं.

असे एखाद-दुसरे आधीच कसे ओळखायचे, हेच बाईंचं संशोधन. आधी देहांवर मोजमापं घेतली, मग जिवंत माणसांच्या स्कॅनवर. त्यांचा एक जुना विद्यार्थी आता समोरच्या हॉस्पिटलात गुडघे बदलायचा. पोरगा भलताच उंच, त्यामुळे कॉलेजपासून लंबू. मोठा सर्जन झाला, टक्कल पडलं, तरी बाईंसाठी लंबूच. लंबू ऑपरेशनं करायचा, नंतर पेशंट कसा चालतो, जिना चढतो का, गुडघा किती वाकतो याची नोंद ठेवायचा, आणि बाई त्याच पेशंटांच्या धमन्या बघायच्या. दोघांचं मस्त जमायचं.

आता बाईंची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

स्कॅनची फिल्म सरळ धरली, की समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाकडे बघितल्यासारखं असतं. त्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो. जगभरच्या डॉक्टरांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. पण बाईंचा माणूस पालथा! पालथ्याचा उजवा तो आपलाही उजवा. टेबलावर एक आणि फिल्मवर भलतंच, हा घोळ बाईंना मुळीच खपायचा नाही. म्हणून त्यांच्या हॉलमध्ये, म्हणजे देह ठेवलेल्या त्या खोलीत, प्रत्येक फिल्म उलट्या बाजूनं लावायची, असा कायदाच होता. अक्षरं उलटी दिसायची. "दिसू देत," बाई म्हणायच्या, "आपण इथं धमन्या बघायला बसलोय, पेपर वाचायला नाही." आणि दोन गुडघ्यांची फिल्म उलटी लावा नाहीतर सुलटी, दिसते अगदी सारखीच. फक्त कुठला गुडघा कुठला, एवढंच बदलतं.

तर ताईचे गुडघे गेले होते. दोन्ही बिघडलेले, त्यात उजव्याची पार दुर्दशा. घरातल्या घरात भिंत धरून चालायची आणि वर म्हणायची, "मला काही झालेलं नाही, भिंतीला आधार देतेय." तिच्या मुलीनं, ठमीनं, आईशी महिनोन् महिने भांडून तिला अखेर तयार केलं. ठमी हे काही खरं नाव नव्हे, लहानपणी गोलमटोल होती म्हणून पडलं आणि नोकरीला लागली तरी सुटलं नाही. उजवा गुडघा आधी, डावा पुढं कधीतरी, असं ठरलं. सर्जन अर्थात लंबू. बाई आपल्या बहिणीला दुसऱ्या कुणाच्या हाती देणार होत्या थोड्याच!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी बाई ताईकडे गेल्या. स्वयंपाकघरात ओट्यावर ताईची पिशवी उघडी पडलेली, टॉवेल, कंगवा, दोन गाऊन. ताई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती आणि ठमी एकेक वस्तू भरत होती.

"चिंगे, आलीस? आता तूच सांग हिला. कंगवा दोन कशाला?" ताई म्हणाली. चिंगी म्हणजे आपल्या बाई. ज्यांच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या बाईंना घरात अजून चिंगीच म्हणत.

"मावशी, स्कॅन आलाय बघ," ठमीनं पाकिटातून फिल्म काढली. "डॉक्टर म्हणाले सकाळी बरोबर आणा."

"आण इकडं. धर खिडकीशी."

ठमीनं दोन्ही हातांनी फिल्म काचेला टेकवली. उन्हात दोन गुडघे उजळले. बाईंनी चष्मा वर केला, पुढं झुकल्या आणि एकदम हसत सुटल्या.

"अगं ताई, हे काय? एकोणसाठ? तू माझ्याहून धाकटी कधी झालीस?"

"तिथल्या मुलीनं विचारलं वय. मी म्हटलं, तुम्हीच सांगा बघू किती वाटतं. तिनं सांगितलं, मी लिहू दिलं," ताई ठसक्यात म्हणाली. "तिचं मन कशाला मोडू?"

तिघी पोट धरून हसल्या. आणि हसता हसता बाईंचं हसू विरलं. एका गुडघ्यात हाडाला अगदी चिकटून एक बारीक पांढरा ठिपका होता. स्नायूच्या पुढं. जिथं असायला नको, नेमका तिथं. देहांत पाहिला होता, परक्यांच्या स्कॅनवर पाहिला होता. आपल्या ताईच्या पायात असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

"काय गं? थोबाड का असं झालं?" ताईनं विचारलं. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

बाईंनी पुन्हा पाहिलं. ठिपका डाव्या हाताला. म्हणजे डावा गुडघा. त्यांनी श्वास सोडला. "काही नाही. तुझ्या डाव्या पायात धमनीची एक फांदी आडवाटेनं गेलीय. उद्या उजवाच आहे ना? मग घाबरायचं काही कारण नाही. डाव्याच्या वेळी लंबूला सांभाळून करायला लावू."

"डावा म्हणजे कुठला, ठाऊक आहे ना? का ठिपका काढून देऊ?"

ठमी हसली, बाई मात्र चिडल्या. गोष्ट जुनी होती. चिंगीला लहानपणी डावं-उजवं काही केल्या कळायचं नाही. चपला उलट्या, कवायतीत तोंड भलतीकडं, मास्तरांचा मार ठरलेला. म्हणून ताई रोज शाळेत जाताना तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर शाईचा निळा ठिपका काढून द्यायची. ठिपक्याचा तो उजवा, बिनठिपक्याचा तो डावा. मोठी झाल्यावर चिंगीला त्याची अशी काही लाज वाटायला लागली, की डॉक्टरकीला गेल्यावर तिनं जन्मात हा विषय कुणासमोर काढला नाही.

"ताई, आता पुरे झालं हं. मी हेच शिकवते पोरांना."

"बरं बाई, शिकव."

बाईंनी तिथूनच लंबूला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, फिल्म सकाळी मी बघणारच होतो. पण तुम्ही बघितलीत ना? मग प्रश्नच मिटला. उजवी बाजू साफ आहे तर नेहमीसारखं करतो."

त्याचा बाईंवर असा आंधळा विश्वास होता, आणि त्या दुपारी बाईंना त्याचा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हॉस्पिटलात जाऊन आल्या. ताईच्या उजव्या मांडीवर लंबूनं पेननं मोठा बाण काढला होता. ताईनं तो दाखवला, "बघ, यांच्याकडेपण ठिपक्याचीच पद्धत आहे," म्हणाली, आणि स्ट्रेचरवरून आत गेली. ठमी बाहेरच्या बाकावर बसली. बाईंचा तास होता, रस्ता ओलांडला की कॉलेज. नुसतं हातावर हात धरून बसण्यापेक्षा काम बरं, असं म्हणून त्या हॉलमध्ये आल्या, एप्रन चढवला, हातमोजे घातले. टेबलावर देह पालथा होता. त्या नेहमीप्रमाणे आधी क्षणभर स्तब्ध उभ्या राहिल्या, मग कामाला लागल्या.

पोरं भोवती जमली. "ती फिल्म लावा रे भिंतीवर. त्या दुसऱ्या पेशंटची, काल आलेली," बाई मान खाली घालूनच म्हणाल्या.

यंदाच नव्यानं आलेल्या एका मुलीनं फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि उत्साहानं म्हणाली, "बाई, ह्या आजी बहात्तर वर्षांच्या आहेत."

"तुला कसं कळलं?"

"इथं लिहिलंय की."

"आणि तुला ते वाचता आलं!" बाईंचा पारा चढला. "किती वेळा सांगायचं? वाचता आलं म्हणजे फिल्म सरळ लागलीय. माझ्या खोलीत जर कुणाला वय वाचता आलं, तर त्याचा अर्थ..."

बाईंनी पेटीवरच्या त्या आकड्याकडं पाहिलं.

एकोणसाठ. अगं ताई, तू माझ्याहून धाकटी कधी झालीस. हसल्या होत्या त्या. वाचून हसल्या होत्या. ठमीनं फिल्म सरळ धरली होती, जगातलं कुठलंही शहाणं माणूस धरेल तशी, आणि बाईंनी मात्र आपल्या खोलीत बघतात तशी बघितली. डाव्या हाताला दिसला ठिपका. सरळ फिल्मवर डाव्या हाताला असतो तो उजवा पाय.

उजवा. आज करवतीखाली आहे तो.

बाईंच्या हातातला चिमटा खाली पडला, त्याचा आवाज झाला तरी कुणी हललं नाही, इतका त्यांचा चेहरा भयंकर दिसत होता. त्यांनी मोजे ओरबाडून काढले, फोन घेतला. लंबूचा फोन बंद. बंदच असणार, ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना तो कपाटात ठेवतो. थिएटरच्या टेबलावरचा फोन लावला. व्यस्त. पुन्हा व्यस्त. कोण मेलं बोलतंय एवढा वेळ! मग ठमीला.

"ठमे, दार वाजव. थिएटरचं. फोड हवं तर. म्हणावं, करवत लावू नका."

"मावशी? काय झालं? आई..."

"वाजव म्हणते ना!"

आणि बाई निघाल्या. एप्रन तसाच, पायात हॉलमधल्या रबरी चपला. त्यांचे स्वतःचे गुडघेही काही धड नव्हते, जिना उतरताना कटकट वाजायचे. पण त्या दिवशी वाजले की नाही कुणास ठाऊक. शिपाई "बाई, बाई" करत मागे धावला, तो फाटकाशीच थकला. रस्त्यावर एक गाडी करकचून थांबली आणि चालवणाऱ्यानं आईवरून काहीतरी हासडलं. बाईंच्या कानांना ते लागलंही नाही. डोक्यात एकच चक्र चालू होतं. आधी वरचं हाड कापतात. मग खालचं. वरच्याला वेळ लागतो. लंबू घाईचा नाही. देवा, आज तरी तो घाईचा नसू दे. पण खालच्या हाडाला हात घातला, की मागचं मांस दूर धरायला एक वाकडा हूक हाडामागे सारतात. हाडाला अगदी घासून. तिथंच तर ती फांदी.

आणि त्याच धावपळीत दुसरा एक विचार हळूच आला, आणि तो यावा याचीच बाईंना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली. वर जाऊन सांगायचं तरी काय? आत लंबूबरोबर त्यांचेच तीन-चार विद्यार्थी असणार. "फिल्म जरा पुन्हा बघून घ्या" एवढं म्हटलं तरी भागेल. कारण सांगायची काय गरज आहे?

थिएटरबाहेर ठमी दाराला चिकटून उभी होती. हात लालबुंद. "उघडत नाहीत. एकदा उघडलं आणि म्हणाल्या, बसा. मावशी, काय झालंय ते सांग ना मला!"

बाईंनी दोन्ही मुठींनी दार बडवलं. थिएटरच्या मुख्य सिस्टर बाहेर आल्या, तोंडाला मास्क, डोळे रागानं पेटलेले. बाईंना बघून थबकल्या. "बाई, तुम्ही? ह्या कपड्यांत आत नाही येता येणार."

"नाही येत. थांबवा त्यांना. करवत थांबवा."

सिस्टरांनी एक क्षण त्यांच्याकडं पाहिलं. तिथं एक नियम होता. करवत हातात घेण्याआधी, किंवा चालू असतानाही, सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत कुणीही 'थांबा' म्हणू शकतो आणि सगळ्यांनी थांबायचंच. मात्र जो म्हणेल त्यानं काय चुकलंय ते एका वाक्यात सांगायचं, मोठ्यानं, आतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं. कुजबुज चालायची नाही, कारण कुजबुजलेलं अर्धवट ऐकू येतं आणि अर्धवट ऐकलेल्यानं माणसं दगावतात. हा नियम केला होता सुरक्षा समितीनं, आणि समितीत बसून तो शब्दन् शब्द लिहिला होता खुद्द पालथ्या बाईंनी.

सिस्टरांनी आतलं दार पायानं ढकलून उघडं धरलं. हिरव्या कपड्यातली माणसं दिसली, पाठमोरा उंच लंबू दिसला. "थांबा!" सिस्टर ओरडल्या. करवतीची घरघर बंद झाली. सगळ्यांच्या माना वळल्या. "बोला बाई. काय चुकलं?"

मास्कवरचे डोळे ओळखीचे होते. एकीला त्यांनी डावं-उजवं चुकली म्हणून तोंडी परीक्षेत नापास केलं होतं.

"मी चुकले," बाई ओरडल्या. आवाज फाटला. "मी डावं-उजवं चुकले. फांदी उजव्या पायात आहे. आत्ता कापताय त्याच पायात."

तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून, कमरेखाली भूल दिलेली पण चांगली जागी असलेली ताई बोलली. आवाज जड होता, पण शब्दन् शब्द बाहेरपर्यंत आला.

"डॉक्टर, ऐका तिचं. जन्मात पहिल्यांदा चुकले म्हणतेय ती."

कुणी हसलं नाही. लंबूनं हात वर धरले. "फिल्म लावा," तो म्हणाला. दार बंद झालं.

बाई बाकावर बसल्या नाहीत, कोसळल्या. ठमी समोर उभी राहिली. तिला अर्धं कळलं होतं आणि तेवढंही जास्त होतं.

"तू म्हणालीस, काही कारण नाही घाबरायचं. मावशी, मी फिल्म धरून उभी होते. तू म्हणालीस!"

"म्हणाले."

"आता आईचा पाय..."

"मला नाही माहीत गं."

ठमीनं तोंड फिरवलं. बाईंनी तिचा हात धरायला हात पुढं केला, त्याला हॉलमधल्या औषधाचा उग्र वास येत होता, म्हणून तो परत घेतला. 'मला नाही माहीत' हे वाक्यही त्यांनी कितीतरी वर्षांत उच्चारलं नव्हतं.

थोड्या वेळानं सिस्टर निरोप घेऊन आल्या. लंबूनं फिल्म स्वतः बघितली होती, बाई आता म्हणतात तेच खरं होतं. करवत नुकतीच सुरू झाली होती, पण खालच्या हाडाला लागली नव्हती. पण हूक... हूक एकदा आत सारून झाला होता. तो अलगद काढलाय, आता वेगळा, बोथट घेतलाय, गुडघा पुरता वाकवून मांस मागं पडू देऊन इंच-इंच कापतायत.

"रक्त?" बाईंनी विचारलं.

"मांडीला पट्टा आवळलेला असतो ना बाई. पट्टा सोडेपर्यंत काय कळणार?"

हे बाईंना सांगायची गरज नव्हती. ऑपरेशनभर पायात रक्त येऊच दिलेलं नसतं. धमनीला भोक पडलं असलं तरी टेबलावर सगळं कोरडं ठाक, देखणं दिसतं. पट्टा सुटला की खरं काय ते बाहेर येतं. बाईंनी हे शेकडो वेळा शिकवलं होतं, अगदी चढ्या सुरात, खडू आपटत. आता तेच त्या बाकावर बसून सोसत होत्या. समोरच्या भिंतीवर कुठल्याशा औषधाची जाहिरात होती, त्यातली हसरी म्हातारी दोन्ही पायांवर उड्या मारत होती. ती म्हातारी बाईंना बघवेना.

मग पुष्कळ वेळानं, भिंतीकडं बघतच ठमीनं विचारलं, "तुला कसं कळलं पण?"

"तुझ्या आईच्या वयावरून. मला ते वाचता आलं होतं." बाईंनी सगळं समजावून सांगितलं, हात उलटे-सुलटे करून. ठमीनं ऐकलं.

"म्हणजे आईनं खोटं वय लिहू दिलं म्हणून?"

"म्हणून मी ते वाचून हसले. खरं असतं तर बघितलंही नसतं."

ठमीच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला, हसू की रडू तिचं तिलाच कळलं नसेल. ती बाईंच्या शेजारी येऊन बसली, औषधाच्या वासाची पर्वा न करता.

लंबू बाहेर आला तेव्हा त्याची टोपी घामानं चिंब होती. त्याला बघून दोघी उठल्या. तो आधी ठमीशी बोलला, हे त्यानं चांगलं केलं. "पट्टा सोडलाय. रक्त व्यवस्थित जातंय. सांधा बसलाय." मग बाईंकडे वळला. "बाई, फिल्म मीपण बघायला हवी होती. तुम्ही सांगितलंत आणि मी डोळे मिटले."

"माझ्या सांगण्यावर डोळे मिटायचे नाहीत, गाढवा!" बाई कडाडल्या, आणि त्यांनी मान वळवली. "मला नाडी बघू दे. मी स्वतः बघेन."

हात कोपरापर्यंत धुऊन, एप्रन बदलून बाई आत गेल्या. ताई पांढऱ्या चादरीखाली पडली होती, डोळे मिटलेले. बाई पायांपाशी उभ्या राहिल्या. मांडीवर अर्धा पुसलेला बाण होता. त्यांनी आधी तो शोधला, त्यावर बोट ठेवलं, ही उजवी, असं मनात म्हटलं, आणि मगच त्या पायाच्या पंजावर दोन बोटं टेकवली. पावलाच्या वर जी नाडी लागते ना, ती त्याच फांदीची. तीच हाडाला घसटून उतरते आणि शेवटी इथं येऊन उडते.

उडत होती. बारीक, पण नेमानं. बाईंनी बोटं काढलीच नाहीत. मेलेल्या माणसांच्या किती धमन्या त्यांनी सोडवल्या असतील, त्याची गणती नव्हती. पण ही धमनी त्यांच्या बोटाला उलट धक्के देत होती, आणि बाई उभ्या उभ्या रडायला लागल्या.

"चिंगे, पाय माझा आहे. टाहो फोडायचा तर मी फोडेन," ताई डोळे न उघडता म्हणाली.

"ताई, मी तुझा..."

"ऐकलंय मी सगळं. पडद्याआड होते, बहिरी नव्हते." तिनं एक डोळा उघडला. "सिस्टर, ते पेन द्या हो जरा. बाण काढायचं."

सिस्टरांनी पेन दिलं. ताईनं बाईंचा हात ओढला. तो डावा होता. तिनं तो झिडकारून दुसरा घेतला, आणि भुलीनं जड झालेल्या बोटांनी त्याच्या पाठीवर एक जाडजूड, वेडावाकडा ठिपका काढला. मग पेन चादरीवर टाकून झोपी गेली.

ते पेन साधं नव्हतं. कातडीवरचं, धुतलं तरी न जाणारं. बाईंनी तो ठिपका घासलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लंबूला कळवलं, की सगळ्या फिल्म दुसऱ्या कुणीतरी नव्यानं वाचेपर्यंत आपलं संशोधन थांबलं. किती वर्षांचं काम, लंबू हळहळला. "पाय लोकांचे आहेत," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग हॉलमध्ये गेल्या. पोरं आज जरा जास्तच शांत होती, बातमी कॉलेजभर पसरली होतीच. कालची ती नवी मुलगी मागे लपून उभी होती. बाईंनी तिला पुढं बोलावलं.

"फिल्म लाव."

"उलटी ना, बाई?"

"सरळ. आणि आधी सगळ्यांना वय वाचून दाखव."

मुलीनं फिल्म लावली. तिची नजर बाईंच्या हातावर गेली आणि तिथंच अडकली. "बाई, हाताला काय लागलंय?"

पालथ्या बाईंनी हात वर केला, शेवटच्या रांगेतल्यालाही दिसेल असा.

"हा माझा उजवा हात," त्या म्हणाल्या. "मला तो अजून लक्षात राहत नाही. तुमच्यापैकी आणखी कुणाला राहत नसेल, त्यानं आत्ता सांगा. पेन माझ्याजवळ आहे."

त्या नव्या मुलीनं हळूच आपला हात पुढं केला.